सरोवरावरचे महामंदिर

दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात वसईच्या ख्रिस्ती समाजात संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे स्मरण केले जाते. वसईच्या ह्या सुपुत्राला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर खिळून ठार मारण्यात आले. त्याच टेकडीवर त्याच दिवशी एकूण सव्वीस जणांनी आपले प्राण श्रद्धेसाठी वेचले. ह्या सव्वीस जणांमध्ये गोन्सालोसारखाच फ्रान्सिस्कन संघाचा झगा परिधान केलेला एक तरुण होता. त्याचे नाव फिलीप. तो मेक्सिको शहरात जन्मला होता. मनिलाहून मायदेशी परतत असताना त्याचे जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले आणि घरी पोहोचण्याऐवजी तो रक्तसाक्षी झाला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी ह्या सर्वांना एकाच सोहळ्यात संतपद बहाल केले. वसईचा गोन्सालो आणि मेक्सिकोचा फिलीप असे एका वेदीवर येऊन विराजमान झाले.

मेक्सिको शहराच्या महामंदिरात, म्हणजे कथीड्रलमध्ये, संत फिलीपच्या नावाचे एक उपमंदिर आहे. त्या महामंदिरात पाऊल टाकणाऱ्या भाविकाला एक चमत्कारिक अनुभव येतो. पायांखालची फरशी सपाट नाही, ती चढते आणि उतरते, हे चालताना जाणवते. घुमटातून एक भला मोठा ओळंबा खाली सोडलेला आहे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी जो ओळंबा धरतो, त्याचेच हे विराट रूप. त्याच्या टोकाखालील खुणा सांगतात, की हे प्रचंड मंदिर शतकानुशतके झुकत आणि खचत आले आहे.

आपल्या संताच्या सोबत्याचे हे मंदिर का खचले? त्याचे उत्तर शोधताना एका शहराचा, त्याच्या पाण्याचा आणि त्या पाण्याविषयी माणसाने केलेल्या चुकीच्या हिशेबाचा इतिहास आपल्यापुढे उभा राहतो.

तळ्यातील नगरी

मेक्सिकोचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. सभोवती डोंगर आणि ज्वालामुखी. खोऱ्यातले पाणी बाहेर जाण्यास निसर्गाने वाट ठेवलेली नव्हती. त्यामुळे तळाशी एकमेकांस जोडलेली पाच सरोवरे निर्माण झाली होती. त्यांतील तेस्कोको हे सर्वांत मोठे आणि खारे, तर दक्षिणेकडील सोचीमिल्को व चाल्को ही गोड्या पाण्याची. १३२५ च्या सुमारास अॅझटेक लोकांनी तेस्कोकोतील एका बेटावर आपली राजधानी वसविली. तिचे नाव तेनोच्तित्लान. ह्या लोकांना पाण्याशी कसे राहावे ह्याचे ज्ञान होते. खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळू नये व पुरापासून नगरीचे रक्षण व्हावे म्हणून पंधराव्या शतकात राजा नेसावाल्कोयोत्ल ह्याच्या नेतृत्वाखाली सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला होता. उथळ पाण्यात गाळाचे वाफे रचून त्यांवर भाजीपाला पिकविला जाई.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी हे शहर स्पॅनिश सेनेच्या हाती पडले. वेढ्याच्या काळात बांध फोडले गेले, देवळे पाडली गेली. जेत्यांनी त्याच बेटावर, त्याच देवळांच्या दगडांनी आपली नवी राजधानी उभारली. आजचे महामंदिर बांधण्यास १५७३ साली आरंभ झाला. क्लाउदिओ दे आर्सिनिएगा हा त्याचा वास्तुरचनाकार. जमीन दलदलीची आहे हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आधी हजारो लाकडी खुंट चिखलात ठोकले, त्यांवर दगड-चुन्याचे विस्तीर्ण जोते घातले आणि मग भिंती उभारल्या. तरीही काम चालू असतानाच जोते एका बाजूस कलू लागले. तेव्हा कारागिरांनी खांबांची उंची कमीजास्त करून वरचे छत समपातळीत आणले. काम पूर्ण व्हायला १८१३ साल उजाडले. म्हणजे तब्बल २४० वर्षे! आजोबांनी रचलेल्या थरावर नातवाने थर रचावा आणि दोघांनीही पूर्ण झालेले मंदिर पाहू नये, असे कितीतरी पिढ्यांचे घडले असेल.

ह्या काळात शहराला सर्वांत मोठी भीती होती ती पाण्याचीच. २१ सप्टेंबर १६२९ रोजी, संत मत्तयच्या सणाच्या दिवशी, आभाळ फाटले. शहर बुडाले आणि १६३४ पर्यंत, म्हणजे सुमारे पाच वर्षे, पाण्याखाली राहिले. लोक होड्यांतून ये-जा करीत. घरांच्या गच्च्यांवर आणि सज्जांमध्ये मिस्सा अर्पण केली जाई. आर्चबिशप फ्रान्सिस्को मान्सो इ सुनिगा ह्यांनी ग्वादालुपेच्या मातेची पवित्र प्रतिमा होडीतून महामंदिरात आणविली. पाणी ओसरेपर्यंत ती तेथेच राहिली. राजधानी दुसरीकडे हलवावी असाही विचार झाला. परंतु घरादारांत आणि मंदिरांत गुंतलेला पैसा सोडून जाण्यास कोणी तयार झाले नाही.

मग पाण्यालाच बाहेर घालवावे असे ठरले. एन्रिको मार्तिनेस ह्याने १६०७ मध्येच डोंगरातून वाट खणण्यास प्रारंभ केला होता. ते काम पुढे पिढ्यान्पिढ्या चालले. १९०० साली राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास ह्यांच्या हस्ते मोठ्या कालव्याचे उद्घाटन झाले, तेव्हा माणसाने सरोवरावर विजय मिळविला असेच सर्वांना वाटले. सरोवरे आटली. त्यांच्या तळावर रस्ते, घरे, वाडे उभे राहिले. पण ज्या शहराने पाणी बाहेर घालविले, त्याच शहराला आता तहान लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जमिनीत खोल नळ्या घालून पाणी काढणे सुरू झाले होते. विसाव्या शतकात लोकसंख्या वाढत गेली, तसतशा ह्या विंधणविहिरी आणि त्यांवरील पंपही वाढत गेले.

दह्याचा चक्का आणि मातीचा स्वभाव

आता थोडे मातीविषयी. सरोवराच्या तळाशी हजारो वर्षे ज्वालामुखींची बारीक राख आणि सूक्ष्म जीवांची कवचे साचून चिकणमातीचे जाड थर तयार झाले होते. ही माती विलक्षण आहे. तिच्यातील घन कणांच्या वजनाच्या तिप्पट-चौपट वजनाचे पाणी तिच्यात सामावलेले असते. जिला आपण जमीन म्हणतो, तिचा मोठा भाग म्हणजे पाणीच होय.

अशा मातीवर भार ठेवला तर काय होते? आपल्या घरातील उदाहरण घेऊ. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधले जाते. त्यावर वरवंटा ठेवला तर दही त्याच क्षणी चपटे होत नाही. कारण आतील पाणीच प्रथम तो भार पेलते. मग थेंब थेंब पाणी निथळत जाते, आणि जसजसे ते निथळते, तसतसा भार दह्याच्या घट्ट भागावर येऊन पडतो व गाठोडे खाली बसते. सकाळी चक्का तयार असतो. आता त्या चक्क्यावर पुन्हा पाणी ओतले म्हणून मूळचे दही परत मिळत नाही. चिकणमातीचे असेच आहे. फरक एवढाच, की तिची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की पाणी निथळण्यास एका रात्रीऐवजी वर्षे आणि दशके लागतात. रेतीचे तसे नसते. तिच्यातून पाणी चटकन निघून जाते आणि ती फारशी दबतही नाही.

हा नियम गणिताच्या भाषेत मांडला तो कार्ल टेरझागी ह्या अभियंत्याने. १८८३ साली प्राग येथे जन्मलेल्या ह्या माणसाने इस्तंबूल येथे शिकवीत असताना, अगदी साध्या उपकरणांनी मातीवर प्रयोग केले आणि १९२५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीवरील एकूण भार पाणी आणि मातीचे कण ह्यांच्यात वाटला जातो. ह्यांपैकी कणांच्या वाट्याला येणारा भार तेवढा मातीला दाबतो, हे त्याच्या विवेचनाचे सार. त्यातून एक गंभीर निष्कर्ष निघतो. वरचा भार तसूभरही न वाढविता केवळ खालचे पाणी काढून घेतले, तरी कणांवरचा भार वाढतो आणि जमीन खचते. वरवंटा तोच, पण त्याला तोलून धरणारे पाणी गेले!

योगायोग असा, की त्याच १९२५ साली रोबेर्तो गायोल ह्या मेक्सिकन अभियंत्याने आपले शहर खचत असल्याचे मोजमापांसह दाखवून दिले. कालव्यांनी केलेला निचरा हे त्याचे कारण असावे असे त्याला वाटले. खरे मुख्य कारण पुढे आणले ते नाबोर कारीयो ह्याने. १९४७ च्या सुमारास त्याने सिद्ध केले, की शहराच्या खचण्याचा संबंध विहिरींतून होणाऱ्या उपशाशी आहे. खोल थरांतील रेती-खडीतून पाणी उपसले, की वरच्या चिकणमातीतील पाणी हळूहळू खाली झिरपू लागते आणि ती आक्रसते. शहर आपल्या पायांखालचा आधारच पीत होते.

ह्याची साक्ष शहरात जागोजागी दिसते. जुन्या विहिरींच्या लोखंडी नळ्या खोल घट्ट थरात रुतलेल्या; त्या जागच्या जागी राहिल्या आणि भोवतालची जमीन खाली गेली, म्हणून त्या जमिनीतून उगवल्यासारख्या वर आल्या. १९१० साली उभारलेला स्वातंत्र्यस्तंभ खोलवरच्या आधारावर उभा आहे. भोवतालचा रस्ता खचत गेल्याने त्याच्या तळाशी कालांतराने १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. विजयाचे प्रतीक मानलेल्या मोठ्या कालव्याचाही उतार नाहीसा झाला आणि सांडपाणी पंपांनी वर चढवून बाहेर काढण्याची पाळी आली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून शहराचा मध्यभाग काही ठिकाणी सुमारे ९ मीटर खाली गेला आहे. आपल्याकडील तीन मजली घराएवढी ही उंची!

ओझ्याची आठवण

सारे शहर एकसारखे खचले असते, तर महामंदिराला फारशी इजा झाली नसती. आपत्ती ओढवली ती असमान खचण्याने. त्याचे कारण विचार करायला लावणारे आहे. महामंदिराच्या जोत्याखाली अॅझटेक देवळांचे अवशेष आहेत. त्या देवळांच्या प्रचंड भाराने त्यांच्याखालची माती शतकांपूर्वीच दाबली जाऊन घट्ट झालेली होती. शेजारची माती मात्र तशीच मऊ राहिली होती. पाणी उपसले जाऊ लागले तेव्हा मऊ माती अधिक दबली, घट्ट माती कमी. ओझे उतरले, देवळे पाडली गेली, तरी मातीने त्या ओझ्याची आठवण ठेवली. पाडून टाकले म्हणजे नाहीसे झाले, असे जेत्यांना वाटले होते. पण जिंकलेल्यांची देवळे जेत्यांच्या मंदिराचा तोल चार शतकांनंतरही ठरवीत राहिली.

१९८९ साली जोरदार पावसात महामंदिराला गळती लागली आणि भेगांचे गांभीर्य सर्वांच्या लक्षात आले. मोजमाप झाले, तेव्हा वेदीमागचा भाग आणि पश्चिमेकडील मनोरा ह्यांच्या पातळीत सुमारे २.४ मीटरांचा फरक आढळला. मंदिरात लोखंडी आधारांचे रान उभे राहिले आणि त्या रानातच उपासना चालू राहिली.

वास्तुरचनाकार सेर्हिओ साल्दिवार ह्यांच्या नेतृत्वाखाली आणि एन्रिके तामेस ह्यांच्यासारख्या अभियंत्यांच्या साहाय्याने जो उपाय योजण्यात आला, तो प्रथमदर्शनी उलटा वाटतो. खचलेली बाजू वर उचलणे अशक्य होते. म्हणून उंच राहिलेली बाजू खाली आणायची असे ठरले. जोत्याखाली ३२ विहिरी खणल्या गेल्या, १४ ते २५ मीटर खोल. त्यांच्या तळातून आडवी, बारीक भोके पाडून चिकणमाती थोडी थोडी काढून घेण्यात येई. पोकळी मिटे, आणि वरचे मंदिर केसाएवढे खाली बसे. १९९३ ते १९९८ ह्या पाच वर्षांत अशी ४,००० घनमीटरांहून अधिक माती काढली गेली. घाई नव्हती, गाजावाजा नव्हता. फक्त मोजणे, थोडे काढणे आणि पुन्हा मोजणे. शेवटी पातळीतील फरक सुमारे ९० सेंटिमीटरांनी कमी झाला. त्यानंतर खालची माती पुन्हा असमान दबू नये म्हणून तिच्यात ठिकठिकाणी चुना-सिमेंटसारखे मिश्रण दाबून भरण्यात आले. इटलीत पिसा येथील महामंदिराच्या झुकत्या मनोऱ्यावरही ह्याच तत्त्वाचा उपचार १९९९ ते २००१ ह्या काळात झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये तो मनोरा पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

उंच राहिलेल्याला खाली आणल्याशिवाय तोल साधत नाही, हे धन्य कुमारी मरियेच्या स्तोत्राची सायंप्रार्थना करणाऱ्यांना नवे नाही. अभियंत्यांनी ते अर्थात केवळ मातीच्या अभ्यासातून शोधले.

ग्वादालुपेच्या मातेच्या मंदिराची कथा वेगळ्या वळणाने गेली. टेपेयाक टेकडीच्या पायथ्याशी १६९५ ते १७०९ ह्या काळात बांधलेल्या जुन्या बॅसिलिकेचा काही भाग टेकडीच्या घट्ट जमिनीवर, तर काही सरोवराच्या मातीवर. त्यामुळे ती धोकादायक रीतीने झुकली. अखेर शेजारी नवी बॅसिलिका बांधून १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि ती पवित्र प्रतिमा तेथे नेण्यात आली. ३१ जुलै २००२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ह्याच नव्या मंदिरात हुआन दिएगो ह्याला संत म्हणून घोषित केले.

तहान कोणाची, खचणे कोणाचे?

महामंदिर सावरले, पण शहराचे काय? कारीयोच्या संशोधनानंतर शहराच्या मध्यभागातील विहिरींवर निर्बंध आले आणि तेथील खचणे मंदावले. परंतु तहान कमी झाली नव्हती. १९५१ पासून शेजारच्या लेर्मा खोऱ्यातून पाणी आणले जाऊ लागले. तेथील पाणथळ जमिनी सुकत गेल्या आणि त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांचा आधार तुटला. नव्या विहिरी दक्षिणेस सोचीमिल्को व चाल्कोकडे खणल्या गेल्या; मग ते भाग खचू लागले. चाल्कोच्या परिसरात जमीन इतकी खाली बसली, की तेथे पावसाचे व सांडपाण्याचे एक नवेच तळे साचले. आज ह्या महानगर परिसरात दोन कोटींहून अधिक लोक राहतात, आणि त्यांचे निम्म्याहून अधिक पाणी अजूनही जमिनीखालूनच येते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार काही वस्त्या वर्षाला ५० सेंटिमीटरांपर्यंत खचत आहेत आणि हे खचणे जवळजवळ पूर्णपणे न परतणारे आहे. त्या वस्त्यांपैकी कित्येक गरिबांच्या आहेत. मध्यभागाचा प्रश्न सुटला असे म्हणताना तो केवळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला गेला होता.

वसईच्या वाचकाला हे सारे वाचताना आपली विहीर आठवल्यावाचून राहणार नाही. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपली बागायती पट्टी सरोवराच्या चिकणमातीवर वसलेली नाही. ती बव्हंशी रेतीमिश्रित आहे. म्हणून आपली चर्चे मेक्सिकोच्या महामंदिरासारखी खचतील असे म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्याकडचा धोका निराळा आहे. समुद्रकाठच्या जमिनीत वरचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्याला रेटून धरते. गोडे पाणी मर्यादेबाहेर उपसले, की खारे पाणी आत सरकते, आणि केळी, पानवेली व फुलझाडे ते सोसू शकत नाहीत. टँकरांनी पाणी भरून नेले जाऊ लागले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी जो विरोध केला आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्यामागे हीच चिंता होती. माती निराळी, धोका निराळा. पण उपशाचा हिशेब उशिरा कळतो, हा नियम मात्र एकच.

आपल्या पूर्वजांनी कोणताही ग्रंथ न वाचता हा हिशेब ओळखला होता. वाडीत बावखल खणून त्यांनी पावसाचे पाणी अडविले, जमिनीत जिरविले आणि रहाटाने लागेल तेवढेच काढले. त्यांतली बरीच बावखले आता भरणी होऊन बुजली आहेत. काही कचऱ्याने भरली आहेत. काही मात्र अजून जिवंत आहेत. मेक्सिकोच्या लोकांना आटविलेली सरोवरे परत आणता येत नाहीत, कारण चक्क्याचे पुन्हा दही होत नाही. त्या दृष्टीने आपण भाग्यवान आहोत. रेतीने आपल्याला अजून क्षमा नाकारलेली नाही. गोडे पाणी पुन्हा जिरविले, तर ती ते पुन्हा साठवते.

पुढच्या फेब्रुवारीत गास येथील चर्चमध्ये संत गोन्सालोच्या सणाची मिस्सा होईल, तेव्हा पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस त्याच्या सोबत्याच्या उपमंदिराजवळ तो ओळंबा तसाच लोंबत असेल. मिस्सेहून परतताना आपल्या वाडीतल्या बावखलापाशी क्षणभर थांबावे आणि त्यात किती पाणी उरले आहे ते पाहावे. आपला ओळंबा तोच आहे.